मी जास

देवरे मॅडमच्या कादंबरीतलं 'मी जास' मी खोडलं. ते चुकून झालं नाही. लाल पेन हातात धरून, ओळीमागून ओळ वाचत, जिथे दिसलं तिथे खोडलं आणि वर 'मी जातो' लिहिलं. प्रुफं तपासणाऱ्याचं हे कामच आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. पुस्तक छापून आलं, लोकांना आवडलंही. आणि ज्या बाईने मला पुस्तक वाचायला शिकवलं, तिचं एकुलतं एक पुस्तक तिचं राहिलं नाही.

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. धुळ्याकडच्या आमच्या बोलीत 'मी जास' हे पुरुषही म्हणतो आणि बाईही म्हणते. पुस्तकातल्या मराठीत तोंड उघडलं की जातो की जाते ते ठरवावंच लागतं. अहिराणीत वर्तमानकाळात तशी सक्ती नाही. मॅडमची सगळी कादंबरी या एका सवलतीवर उभी होती, आणि नेमकी तीच मी काढून घेतली.

इंदुमती देवरे. जळगावच्या कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. लुनावरून यायच्या, मनगटावर वडिलांचं मोठं पट्ट्याचं घड्याळ असायचं, आणि साडीचा पदर कमरेला असा खोचलेला की जणू वर्गात भांडी घासायला आल्या आहेत. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे विचारायची सोय नव्हती, कारण असल्या सगळ्या प्रश्नांना त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. मान किंचित तिरपी करायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "मंग?"

हा 'मंग' लिहून दाखवता येत नाही. त्यात राग नसायचा. पुढचं वाक्य बोलायची जबाबदारी तो शांतपणे समोरच्यावर टाकून द्यायचा, आणि समोरच्याकडे पुढचं वाक्य बहुतेक नसायचंच. एकदा एका मुलीचे वडील प्रिन्सिपॉलांच्या खोलीत तक्रार घेऊन आले. मी तिथे हजेरीपटावर सही घ्यायला उभा होतो. ते म्हणाले, "मॅडम वर्गात नको त्या गोष्टी शिकवतात. बाईनं पुरुषाचे कपडे घातले, मालकिणीचं मोलकरणीवर मन बसलं, असलं."

"मंग?" मॅडम म्हणाल्या.

"मंग म्हणजे? माझ्या मुलीच्या लग्नाचं बघतोय मी."

"बघा की. मी कुठे मुलगा बघू नका म्हणते? मुलीलाही विचारा मात्र."

प्रिन्सिपॉलांनी घाईघाईने चहा मागवला.

त्यांचा जीव व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांवर. पण त्याहून जास्त, आजचे लेखक त्या काळात परत जाऊन ज्या कादंबऱ्या लिहितात त्यांच्यावर. त्या काळच्या पुस्तकांनी जे लिहायचं टाळलं ते ही नवी पुस्तकं लिहितात, असं त्या सांगायच्या. "जुन्या कादंबरीत दार लागलं की प्रकरण संपतं," त्या म्हणायच्या. "मला दाराच्या आतलं प्रकरण पाहिजे. आणि दाराबाहेर जो नोकर उभा आहे ना, त्याचं तर आधी पाहिजे."

ते आम्हाला समजावं म्हणून त्या लंडन सोडून थेट आखाजीवर, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेच्या सणावर, यायच्या. त्यांच्या गावी, पांझरेच्या काठावर, आखाजीला बाया झोके बांधायच्या, गौराईची गाणी म्हणायच्या, आणि एखादी धीट बाई नवऱ्याचं धोतर नेसून, फेटा बांधून पुरुष व्हायची. मग बाकीच्या बाया तिला छेडायच्या, ती मिशीवर ताव द्यायची. सासवासुद्धा पदर तोंडाला लावून हसायच्या.

"त्या दिवशी सगळं चालतं," मॅडम म्हणाल्या. "आता समजा, दुसऱ्या दिवशी तिनं फेटा उतरवलाच नाही तर?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "नवरा धरून मारेल, मॅडम."

वर्ग हसला. त्याही हसल्या. "मारेल की. म्हणून तर ती गाव सोडून निघते. तिथून कादंबरी सुरू होते."

आम्हाला वाटलं, त्या उदाहरण देताहेत. त्या कथानक सांगत होत्या.

जळगावलाच, पिंप्राळ्यात त्यांचं दोन खोल्यांचं बैठं घर होतं. दारावर दोन नावं होती. दुसरं नाव वळवी सिस्टरांचं. सिस्टर दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या दवाखान्यात नर्स होत्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल वस्तीतून शिकून आलेल्या. सुट्टीच्या दिवशी त्या पिंप्राळ्याला यायच्या. निवृत्त झाल्यावर कायमच्याच आल्या. इतकी वर्षं एकत्र राहून दोघी एकमेकींना मॅडम आणि सिस्टर असंच म्हणायच्या. भांडतानाही.

मी पुण्याला एम.ए. करत असताना सुट्टीत पुस्तकं बदलायला जायचो. उन्हाळ्याची दुपार, कूलरची घरघर. सिस्टर खाली बसून ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापताहेत आणि मॅडम खुर्चीत पाय वर घेऊन एखादी इंग्रजी कादंबरी मोठ्याने वाचताहेत, एक परिच्छेद इंग्रजीत, मग तोच अहिराणीत. इंग्लंडमधल्या त्या सगळ्या सरदारीण बाया आमच्या धुळ्याच्या बाजारातल्यासारख्या बोलायच्या. मध्येच सिस्टर भाकरी उलटत विचारायच्या, "ती त्या माणसाला सोडून का जात नाही?"

"त्या काळी बाईला जाता येत नव्हतं, सिस्टर."

"का? पाय नव्हते?"

मॅडम पुस्तक मिटून माझ्याकडे बघायच्या. "ऐकलंस, मनोहर? समीक्षा अशी करायची असते. तुमचे सर चाळीस पानं घालवतात."

मला हसू यायचं आणि अवघडल्यासारखंही व्हायचं. त्या घरात जे होतं ते मला दिसत होतं. दिसूनही त्याला नाव द्यायचं नाही, ही सवय मला तिथेच लागली.

नाव मॅडमनीच एकदा दिलं, भर मांडवात. त्यांच्या पुतणीचं लग्न धुळ्याला होतं. त्यांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे नाना म्हणत, गावचे मोठे शेतकरी. पत्रिका एकट्या मॅडमच्या नावाची होती. मॅडम सिस्टरांना घेऊन गेल्या. त्या गावाकडचे आम्ही, त्यामुळे मीही होतो. बायकांची पंगत बसली तशी मॅडमच्या वहिनी सिस्टरांना हळूच म्हणाल्या की तुमची पंगत मागून बसेल. सिस्टर उठायला लागल्या. मॅडमनी त्यांच्या लुगड्याचा काठ धरून त्यांना खाली बसवलं.

सगळी पंगत बघायला लागली तसे नाना धावत आले. "इंदू, बठ्ठा लोके दखी राहिनात."

"दखू दे."

शेजारच्या पाटावर नवरदेवाची आजी होती. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तिने सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "ही कोन शे व, माय?"

मॅडमनी तितक्याच मोठ्याने सांगितलं, "मनी शे."

माझी आहे. एवढंच. बहीण नाही, मैत्रीण नाही, भाड्याने राहणारी नाही. माझी आहे. वाढपी वरणाचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला. म्हातारीने सिस्टरांकडे वरून खाली नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरी शे. जेव व पोरी." तेव्हा सिस्टरांचं वय पन्नाशीला आलेलं. त्या कानापर्यंत लाल झाल्या आणि पुटपुटल्या, "मॅडम, जेवा आता. वरण गार होतंय."

नाना त्यानंतर बहिणीशी बोलले नाहीत.

निवृत्तीनंतर मॅडमनी ती कादंबरी लिहिली. काळ रेल्वे भुसावळला पोचली तेव्हाचा. एक तरुण विधवा. घरचे तिचा पाट एका म्हाताऱ्या बिजवराशी लावायला निघालेत. आखाजीच्या दिवशी ती पुरुष होते, फेटा बांधते आणि तशीच चालत सुटते. भुसावळला एका रेल्वेसाहेबाच्या बंगल्यावर तिला पंखा ओढायचं काम मिळतं. छताला टांगलेला मोठा कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर आलेली, आणि ही व्हरांड्यात बसून दिवसभर ती दोरी ओढते. पहिलंच वाक्य होतं, "मी पंखा ओढस. आत कोन शे ते माले दिखस नही."

आत साहेबाची मेम असते, एकटी, कंटाळलेली. वेळ जावा म्हणून ती या नोकराकडून इथली भाषा शिकायला लागते. तिला वाटतं ती मराठी शिकते आहे. धुळ्याच्या क्लबात ती कलेक्टरच्या बायकोपुढे ऐटीत अहिराणी बोलते आणि बटलरपासून सगळे हसतात, ते प्रकरण वाचताना मी खुर्चीत लोळलो होतो. सगळी कादंबरी पंखेवाल्याच्या तोंडून, सगळी वर्तमानकाळात, कारण मी गेलो म्हणायची वेळ आली की अहिराणीतही बाई-पुरुष कळून येतं. त्यामुळे अर्धं पुस्तक होईपर्यंत ज्या वाचकाने सुरुवात नीट वाचली नाही त्याला आणि मेमलाही ठाऊक नसतं की हा 'मी' कोण आहे. मग एका दुपारी मेम दार उघडून त्याला आत घेते आणि फेटा सोडते. पंखेवाली जीव मुठीत धरून उभी. मेम बघते आणि आपल्या मोडक्या अहिराणीत म्हणते, "मंग? मी बी बाईच शे."

शेवटी दोघी भुसावळच्या स्टेशनवर गाडीत बसतात, एक फेटा बांधलेली, एक लुगडं नेसलेली गोरी.

हे हस्तलिखित मॅडमनी माझ्या हातात दिलं. मी तोवर धुळ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो, जळगावच्या एका प्रकाशकाची प्रुफं बघत होतो. मीच त्यांना प्रकाशक मिळवून दिला. पण पुस्तक छपाईला जायच्या सुमारास सिस्टरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया नाशिकला ठरली. मॅडम त्यांच्याबरोबर दवाखान्यात राहिल्या. मी फोनवर विचारलं, शेवटची प्रुफं पाठवू का? त्या म्हणाल्या, "तू बघतोयस ना? मंग झालं."

विभागप्रमुखाची जागा तेव्हा मला मिळायची होती. निवड समितीत कोण बसणार हे मला माहीत होतं, आणि असलं पुस्तक त्यांना चालणार नव्हतं. पुस्तकावर संपादक म्हणून माझं नाव जाणार होतं. पण एवढंच कारण सांगितलं तर तेही खोटं ठरेल. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तोंडातून 'मी जास' बोलून गेलो होतो आणि खोलीतली मुलं महिनाभर मला 'जास' म्हणून हाक मारत होती. ते शब्द मी स्वतःतून खरवडून काढले होते. बायकोशीसुद्धा अहिराणी बोलत नव्हतो. आणि तेच शब्द मॅडमनी पहिल्या ओळीत, उजळ माथ्याने, छापायला दिले होते. शिवाय त्या दोन बाया कोण आहेत हे पानापानावर मला दिसत होतं. मला लाज वाटली. त्यांची नव्हे, त्यांच्याजवळचा म्हणून ओळखला जाण्याची.

मी 'जास' चं 'जातो' केलं. 'ओढस' चं 'ओढतो'. पंखेवाला सरळ पुरुष झाला. फेटा सोडण्याचं अर्धं पान काढून टाकलं, सुरुवातीच्या आखाजीतला एक परिच्छेद असा फिरवला की पळून जाणारा एक तरुण गडी उरला. प्रेमकथा तीच राहिली. फक्त तिच्यातली एक बाई मी नाहीशी केली.

प्रकाशन जळगावला झालं. मॅडम सिस्टरांना घेऊन नाशिकहून थेट सभागृहात आल्या. पाहुण्यांनी 'रेल्वेकाळातली हळुवार प्रेमकथा' म्हणून कौतुक केलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना एक उतारा वाचायची विनंती केली. त्यांनी पुस्तक उघडलं. पहिलं पान वाचलं, मनातल्या मनात. मग मधलं एक पान शोधलं, उलटलं, परत मागे आल्या. सभागृहाला वाटलं चष्मा विसरल्या. त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर पालथं ठेवलं आणि पाठ असलेलं ते अर्धं पान अहिराणीत म्हणायला सुरुवात केली. फेट्याचा एकेक वेढा सुटेपर्यंत आवाज हलला नाही. "मंग? मी बी बाईच शे," म्हणाल्या आणि थांबल्या. दोन-तीन बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून निघून गेले. मॅडम ध्वनिक्षेपकात म्हणाल्या, "हे मी लिहिलेलं. टेबलावर आहे ते मी लिहिलेलं नाही. विकत घ्यायचं तर ऐकून घ्या."

नंतर त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. "कुणी केलं?"

"टायपिंगवाल्यांनी केलं असेल, मॅडम. त्यांना अहिराणी कळत नाही."

"आणि अर्धं पान?"

मला सोडून त्या सिस्टरांचा हात धरून पायऱ्या उतरून गेल्या.

बहुतेक माणसं इथे हताश झाली असती. मॅडमनी पिंप्राळ्यात दुरुस्तीचं दुकान उघडलं. मी चेष्टा करत नाही. ज्याने पुस्तक घेतलं असेल त्याने ते घेऊन यावं, असा निरोप त्यांनी सगळीकडे सोडला. कॉलेजच्या मुली रिक्षा करून यायच्या, कुणी रावेरहून, कुणी पारोळ्याहून. मॅडम प्रत्येक प्रत उघडून काळ्या पेनाने 'जातो' खोडून 'जास' लिहायच्या. सिस्टर गहाळ पानाची झेरॉक्स डिंकाने चिकटवायच्या. प्रत वाळेपर्यंत चहा मिळायचा आणि वर केळीचे वेफर्स. "मालकिणीला पुस्तक दुरुस्त झालं पाहिजे, मला गिऱ्हाईक जेवून गेलं पाहिजे," असं सिस्टर म्हणायच्या, हे मला नंतर कळलं. मी त्या गल्लीतून जात नव्हतो.

माझ्या वर्गातच ते मला येऊन भिडलं. पुस्तक आमच्या अभ्यासक्रमाला लागलं, ते मी शिकवत होतो, आणि एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तुमच्याकडची प्रत चुकीची आहे." तिच्या हातातली प्रत डिंकाने फुगलेली होती. मॅडमचं अक्षर मी लांबूनही ओळखलं. त्याच आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. अभ्यासक्रमामुळे दुसरी आवृत्ती निघते आहे, मजकूर तोच ठेवायचा. लेखिका बदल सुचवते आहे पण तो म्हातारपणाचा हट्ट आहे, संपादक म्हणून तुम्ही तसं लेखी द्या. धुळ्याला पुस्तकाचा कार्यक्रम ठेवला आहे, तिथे जाहीर करू.

मी दुसऱ्या दिवशी पिंप्राळ्याला गेलो. दार सिस्टरांनी उघडलं. मॅडम टेबलापाशी होत्या, बऱ्याच वाळलेल्या, आवाज मात्र तोच. त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "प्रत आणलीस?"

मी दिली. त्या पहिल्या पानापासून दुरुस्त करायला लागल्या. मी सांगत राहिलो की वाचकांना कळलं नसतं, काळ वेगळा होता, पुस्तकावर बंदीची मागणी झाली असती, मी तुम्हाला वाचवायला बघत होतो.

सिस्टरांनी डिंकाची बाटली टेबलावर आपटली. "इंजेक्शन द्यायचंय तिथे द्या की, सर. किती स्पिरिट फासताय?"

मॅडमना हसू आलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मनोहर, तुला न कळता झालं असतं तर मी कधीच सोडून दिलं असतं. तुला कळलं होतं की नाही, एवढंच सांग."

"मॅडम, मला माफ..."

"इथे नको. इथे आम्हा दोघींना सगळं माहीतच आहे. ज्यांच्यासमोर छापलंस, त्यांच्यासमोर बोल. धुळ्याच्या कार्यक्रमात तुझा तो प्रकाशक असेल, नानाही येणार आहे म्हणे, गावातर्फे तिथेच सत्कार आहे ना त्याचा. नाही बोललास तरी हरकत नाही. मी आहे, पेन आहे. पण मी किती प्रतींना पुरी पडणार, रे?"

त्या हरकत नाही म्हणाल्या, पण त्या शेवटच्या वाक्यात त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच थकलेला ऐकला.

धुळ्याच्या सभागृहात पहिल्या रांगेत प्रकाशक, प्राचार्य, काठी टेकून बसलेले नाना. मॅडम आणि सिस्टर तिसऱ्या रांगेत. कुणीतरी मॅडमना पुढे बोलावलं तर त्यांनी सिस्टरांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं, पुढे दोन जागा आहेत का? नव्हत्या. त्या हलल्या नाहीत. माझं नाव पुकारलं तेव्हा मी पाहिलं, मॅडमनी सगळ्यांदेखत सिस्टरांचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला होता आणि दोन्ही हातांनी धरला होता. नानांनी मागे वळून ते बघितलं. मॅडमनी भावाकडे सरळ बघितलं. नजर नानांनी खाली घेतली.

मी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं. प्रकाशकाला उद्देशून म्हणालो की हे पुस्तक मी बिघडवलं, लेखिकेने नव्हे आणि टायपिंगवाल्यांनीही नव्हे. दुसरी आवृत्ती हस्तलिखिताबरहुकूम निघाली पाहिजे. तशी निघणार नसेल तर संपादक म्हणून माझं नाव काढा आणि मी काय केलं ते तिथे छापा. सभागृहात कुजबुज सुरू झाली. प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. इतकं बोलूनही मी मराठीच बोलत होतो, जपून, शुद्ध. मॅडम वाट बघत होत्या.

मग मी, पुण्याहून परतल्यापासून चारचौघांत पहिल्यांदा, माझ्या आईच्या भाषेत बोललो.

"मॅडम, सिस्टर, माले बठ्ठं समजेल व्हतं. समजेल व्हतं म्हनीसनच मी खोडं. मी भ्याऊ. मी चुकनू. माले माफ करा."